स्कॅनमध्ये नोड्यूल आलाय, डॉक्टर म्हणतात तीन महिने थांबा, हे तीन महिने काढायचे कसे?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमच्या मिस्टरांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता, तिसरी स्टेज, ऑपरेशन झालं, मग सहा महिने केमो झाली आणि सगळं नीट चाललं होतं. आता वर्षाच्या फॉलोअप सीटीमध्ये उजव्या फुफ्फुसात ५ मिलिमीटरचा नोड्यूल, म्हणजे छोटी गाठ किंवा ठिपका दिसलाय, सीईए (आतड्याच्या कॅन्सरमध्ये बघतात ती रक्ताची तपासणी) नॉर्मल आहे, आणि डॉक्टर म्हणाले तीन महिन्यांनी परत सीटी करून बघू. तेव्हापासून तुम्हाला झोप नाही, रात्री त्यांचा खोकला ऐकत पडून राहता, ते स्वतः विषयच काढू देत नाहीत, आठवीतल्या मुलीला सांगावं की नाही ते कळत नाही. आणि एक वाक्य तुम्ही लिहिलंय ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, की "आजारी ते आहेत, मग मी एवढं घाबरायचं कशाला".

मी कॅन्सर पेशंट आणि त्यांच्या घरच्यांबरोबर समुपदेशनाचं काम करते, बरीच वर्षं झाली, आणि या वाक्यापासूनच सुरुवात करते. जोडीदाराची भीती पेशंटपेक्षा कमी असते असं काही नाहीये. कॅन्सर परत येण्याच्या भीतीवर जे अभ्यास झालेत त्यात घरच्या माणसाची भीती पेशंटएवढी किंवा कधी कधी जास्तच निघते, आणि हे मला रोज दिसतं सुद्धा. कारण साधं आहे, पेशंटला निदान काहीतरी करायला असतं, तपासणी, गोळ्या, डॉक्टरांशी बोलणं, सगळे त्याचीच चौकशी करतात. तुम्ही बाहेर खुर्चीवर बसून असता आणि सगळं बघत असता. तुम्हाला कोणी विचारत नाही. तर ही भीती तुमची स्वतःची आहे, त्यांच्या आजारपणाच्या खर्चात ती धरायची नाही, तिच्यासाठी वेगळा वेळ आणि गरज पडली तर वेगळा उपचार लागतो. पुढचं सगळं मी हे धरूनच लिहितेय.

आता आधी रिपोर्टबद्दल, कारण अर्धी भीती त्या कागदातल्या शब्दांनी येते. मी ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरची डॉक्टर नाही, तुमची फाइल तुमचे डॉक्टरच वाचणार, पण असे रिपोर्ट घेऊन आलेली माणसं मी इतकी बघितलीत की काही गोष्टी तुम्हाला आत्ताच कळायला हव्यात असं वाटतं. फुफ्फुसात पाच-सहा मिलिमीटरचे ठिपके ज्यांना कधीच कॅन्सर झाला नाही अशा लोकांच्या सीटीतही भरपूर दिसतात. जुनं इन्फेक्शन बरं होऊन राहिलेला व्रण, फुफ्फुसातली एखादी छोटी लिम्फ नोड, नुकताच झालेला सर्दी-खोकला, टीबीचा जुना डाग, असं काहीही असू शकतं. तुमच्या मिस्टरांना कॅन्सर होऊन गेलाय म्हणून डॉक्टर त्याकडे जास्त लक्ष देतायत, ते बरोबरच आहे, आणि आतड्याचा कॅन्सर फुफ्फुसात जाऊ शकतो हेही खरं आहे, ते मी लपवणार नाही. पण रिपोर्टमध्ये "इनडिटरमिनेट" लिहिलंय याचा अर्थ रेडिओलॉजिस्टला या आकारावरून दोन्हीपैकी काहीच म्हणता येत नाहीये. तुम्ही तो शब्द "वाईट" असा वाचताय. रात्री दोन वाजता तो तसाच वाचला जातो, मला माहितीय.

मग तुम्ही विचारलंय की तीन महिने कशाला थांबायचं, लगेच पेट स्कॅन किंवा बायोप्सी का नाही करत, डॉक्टर टाळतायत का. नाही, टाळत नाहीयेत. पेट स्कॅनमध्ये साखरेसारखं एक औषध देतात आणि ज्या पेशी ती साखर जास्त ओढतात त्या उजळ दिसतात. पण गाठ साधारण ८ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर पेटला ती नीट पकडताच येत नाही, आणि फुफ्फुस तर श्वासाबरोबर हलत असतं. म्हणजे पेटमध्ये काही उजळलं नाही तरी तुम्हाला खात्री मिळणार नाही, आणि शरीरात दुसरीकडे कुठे साधी सूज असेल तर ती उजळेल आणि नवीनच काळजी मागे लागेल. बायोप्सीचं पण तसंच, ५ मिलिमीटरच्या ठिपक्यात सुई नेमकी बसवणं अवघड, आणि फुफ्फुसातून हवा गळण्याचा धोका उगाच घ्यायचा. मग उरतं काय, तर तो वाढतो का हे बघणं. आता गंमत नाही, गणित बघा, ५ मिलिमीटरच्या गाठीचं घनफळ दुप्पट झालं तरी तिची रुंदी होते फक्त ६.३ मिलिमीटर, कारण गाठ सगळ्या बाजूंनी वाढते. आणि दोन वेगवेगळ्या वेळी मोजताना दीड-दोन मिलिमीटरचा फरक नुसत्या मोजण्यातूनच येऊ शकतो. म्हणजे दोन आठवड्यांनी स्कॅन केला तर जे काही दिसेल त्यावरून कोणालाच काही ठरवता येणार नाही. कॅन्सरची गाठ असेल तर ती दुप्पट व्हायला सहसा काही आठवडे ते काही महिने लागतात, म्हणून तीन महिने. त्या तीन महिन्यांत नोड्यूल तसाच राहिला किंवा गेला तर ती चांगली बातमी, आणि वाढला तरी तो अजून लहानच असतो, उपचाराची वेळ हातातून गेलेली नसते. हे शेवटचं वाक्य तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, की तीन महिने थांबल्याने आमचं काही नुकसान होणार आहे का. बहुतेक घरचे लोक हा प्रश्न मनात ठेवतात आणि तीन महिने त्याच्यावर जळत राहतात.

अजून एक विचारायचं, आणि हे खूप कामाचं आहे. हा ठिपका आधीच्या स्कॅनमध्ये होता का? पहिल्यांदा कॅन्सर सापडला तेव्हाचा सीटी, केमो संपल्यावरचा सीटी, दोन्हींच्या सीडी रेडिओलॉजिस्टकडे पोचल्यात का? बऱ्याचदा असं होतं की आधीचा स्कॅन दुसऱ्या सेंटरला झालेला असतो, तिथे स्लाइस, म्हणजे सीटीतले एकामागून एक घेतलेले काप, जाड घेतलेले असतात आणि ५ मिलिमीटरचा ठिपका दोन स्लाइसच्या मधे हरवून जातो, किंवा आधीचा पेट-सीटी असतो ज्यात श्वास रोखून फोटो काढलेले नसतात. मग नवीन सीटीत तो "नवीन" म्हणून लिहिला जातो, आणि जुने फोटो शेजारी ठेवून बघितलं की कळतं की तो वर्षभर तिथेच होता. तुमच्या बाबतीत असंच असेल असं मी म्हणत नाही, पण सीडी शोधून नेणं हे तुमच्या हातातलं काम आहे, ते करा. आणि तीन महिन्यांनंतरचा सीटी शक्यतो त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करा, तुलना स्वच्छ होते.

स्कॅन जास्त वेळा केले तर जास्त सुरक्षित, असं तुम्हाला वाटतंय ते स्वाभाविक आहे. यावर आतड्याच्या कॅन्सरमध्येच एक मोठा अभ्यास झालाय, कोलोफॉल नावाचा, २०१८ मध्ये छापून आला, अडीच हजाराच्या आसपास पेशंट होते. एका गटाचे सीटी आणि सीईए पहिल्या तीन वर्षांत पाच वेळा केले, दुसऱ्या गटाचे फक्त दोनदा, आणि पाच वर्षांनी बघितलं तर दोन्ही गटांच्या मृत्युदरात सांख्यिकीदृष्ट्या दखल घेण्यासारखा फरक नव्हता. म्हणून डॉक्टर "अजून एक करून टाकू" म्हणत नाहीत तेव्हा ते निष्काळजी आहेत असं समजू नका. सीईएबद्दल पण सांगून ठेवते, तो नॉर्मल आहे हे बरंच आहे, पण तो नॉर्मल असला म्हणजे सगळं संपलं असं नाही आणि पुढे कधी थोडा वर गेला म्हणजे कॅन्सर आलाच असंही नाही, सिगरेट, लिव्हरचा त्रास, कुठलीतरी सूज यानेही तो हलतो. एकट्या आकड्यावर आठवडाभर रडू नका, दोन-तीन वेळचे आकडे एका रांगेत लावून डॉक्टर काय म्हणतात ते ऐका.

आता रात्रीच्या खोकल्यावर येते, कारण माझ्या मते तुमचा खरा त्रास तिथे आहे. तुम्ही रात्री त्यांचा खोकला ऐकता, मोजता, काल किती होता आज किती, मग फोनवर शोधता, मग त्यांना सकाळी विचारता "आज बरं वाटतंय ना", ते हो म्हणतात, दहा मिनिटं बरं वाटतं, आणि दुपारी परत. हे एक चक्र आहे आणि ते प्रेमातूनच येतं, पण भीतीला त्यातून खतपाणी मिळतं. प्रत्येक वेळी तपासलं की मेंदू शिकतो की धोका खरंच आहे, नाहीतर मी तपासलं कशाला असतं, आणि पुढच्या वेळी आणखी लवकर तपासायला लावतो. नुसतं "तपासू नका" म्हणून ते थांबत नाही, माझ्याकडे आलेल्या कोणाचंच थांबलेलं नाही, तर त्याला जागा ठरवून द्यायची. आठवड्यातून एक वार ठरवा, समजा रविवार सकाळ, आणि त्या दिवशी दोघांनी मिळून पाच मिनिटं बसायचं, वजन, भूक, खोकला, शौचाची तक्रार, दुखणं, एवढंच एका वहीत लिहायचं. बाकी सहा दिवस ती वही बंद. मधल्या दिवशी मनात काही आलं तर "रविवारी बघू" एवढं म्हणायचं. पहिले दोन आठवडे फार जड जातं, नंतर सुटतं.

पण काही गोष्टींना रविवारची वाट बघायची नाही, त्या पाठ असू द्या, म्हणजे बाकीच्या गोष्टी निश्चिंतपणे रविवारवर टाकता येतील. थुंकीत रक्त, दम लागणं, छातीत जोरात दुखणं, डोळे पिवळे होणं, पोट फुगून उलट्या होणं आणि शौच-गॅस बंद होणं, फिट येणं किंवा हातापायातली ताकद अचानक जाणं, असं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. खोकला तीन आठवड्यांच्या वर टिकला किंवा वजन कारण नसताना उतरत राहिलं तर तारखेची वाट न बघता फोन करून सांगायचं. साधा खोकला, थकवा, एखादा दिवस भूक नसणं हे केमो झालेल्या माणसाला होतंच, आणि न झालेल्या माणसालाही होतं.

झोपेचं सांगते. संध्याकाळी वीस मिनिटं काळजीसाठी राखून ठेवा, हो, मुद्दाम. अंथरुणात नाही, खुर्चीत बसून, कागद घेऊन, आणि जे जे मनात येईल ते लिहायचं, कितीही भयंकर असलं तरी. मग प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहायची, याच्यासाठी या आठवड्यात मी काही करू शकते का. करू शकत असाल तर काय आणि कधी, नसाल तर नुसती रेघ मारायची. "ते गेले तर मी काय करू" यासमोर रेघ येईल, "इन्शुरन्सचे कागद कुठे आहेत माहीत नाही" यासमोर मंगळवार येईल. रात्री जाग आली आणि तेच विचार परत आले तर मनाला सांगता येतं की हे उद्या संध्याकाळच्या कागदावर आहे. वीस-पंचवीस मिनिटांत झोप नाही लागली तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, मंद उजेडात काहीतरी साधं वाचा, फोन नको, डोळे जड झाले की परत या. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ घ्यायचा, पाच मिनिटं, त्याने धडधड खरंच कमी होते. आणि कृपा करून त्यांना लिहून दिलेली झोपेची गोळी तुम्ही घेऊ नका, हे घराघरात चालतं म्हणून सांगतेय, गोळी लागणारच असेल तर तुमच्या नावाने, तुम्हाला तपासून, डॉक्टरांकडून घ्या.

फोनवर शोधण्याबद्दल एकच सांगते, तुम्ही जे जगण्याचे टक्के वाचताय ते हजारो लोकांची सरासरी आहे, त्यात वय, स्टेज, कुठली केमो मिळाली सगळं मिसळलेलं असतं, आणि बऱ्याचदा ते कित्येक वर्षांपूर्वी उपचार झालेल्यांचे असतात. त्या आकड्यात तुमच्या मिस्टरांचा नोड्यूल कुठेच नाही.

ते बोलत नाहीत याचा तुम्हाला राग येतो असं लिहिलंय, आणि मग त्या रागाची लाज वाटते. बघा, तुम्ही दोघंही एकच गोष्ट करताय. ते तुम्हाला त्रास नको म्हणून गप्प आहेत, तुम्ही त्यांना त्रास नको म्हणून बाथरूममध्ये रडताय. अशी एकमेकांपासून लपवालपवी चालते तिथे दोघांचाही ताण वाढतो, हे अभ्यासातही दिसलंय आणि माझ्या समोर बसलेल्या कितीतरी जोडप्यांत मी पाहिलंय. पण त्यांना जबरदस्तीने बोलतं करू नका, काही माणसांना खरंच रोज बोलायचं नसतं, त्यांना दिवस नॉर्मल घालवायचा असतो आणि तो त्यांचा हक्क आहे. तुम्ही फक्त तुमचं सांगा आणि त्यांच्याकडून काय हवंय ते नेमकं सांगा. "अहो, मला या स्कॅनची खूप भीती वाटतेय, तुम्ही ती घालवायची नाहीये, उत्तर पण द्यायचं नाहीये, दहा मिनिटं फक्त शेजारी बसा." "काही होणार नाही" असं म्हणायची जबाबदारी अंगावर नसली की पुष्कळ नवरे बसतात. आणि विचारा, "रिपोर्ट आला की तुम्हाला आधी एकट्याला कळायला हवंय की आपण दोघांनी मिळून?" हा प्रश्न आत्ताच, शांत दिवशी विचारायचा.

कारण रिपोर्ट आता डॉक्टरांच्या आधी फोनवर येतो. शुक्रवारी संध्याकाळी पीडीएफ येते, डॉक्टर भेटतात सोमवारी, आणि मधले दोन दिवस घरात काय होतं ते मी ऐकलंय. म्हणून स्कॅनची तारीख घेतानाच डॉक्टरांची वेळ पण घ्या, शक्यतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची, आणि ठरवून टाका की पीडीएफ त्यांच्या समोरच उघडायची. ज्यांना न उघडता राहवतच नाही त्यांनी निदान एकट्याने, रात्री आणि गाडी चालवायच्या आधी उघडू नये. स्कॅनच्या आधीचा आठवडा वाईट जाणारच, चिडचिड होईल, पोट बिघडेल, जुने दिवस आठवतील, हे धरूनच चाला आणि त्या आठवड्यात मोठे निर्णय, पाहुणे, भांडण मिटवणं असलं काही ठेवू नका. डॉक्टरांकडे जाताना प्रश्न लिहून न्या आणि त्यांची परवानगी घेऊन बोलणं रेकॉर्ड करा, कारण घाबरलेल्या माणसाला पहिल्या वाक्यानंतरचं काही ऐकू येत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असणार, म्हणून लिहिते, नोड्यूल वाढलेला निघाला तर? तर तो दिवस फार वाईट असेल, आणि तरी ती शेवटची पायरी नसेल. फुफ्फुसात एक-दोनच छोट्या गाठी असतील तर निवडक पेशंटमध्ये त्या ऑपरेशनने काढतात किंवा नेमक्या रेडिएशनने जाळतात, काही लोक त्यानंतर बरीच वर्षं चांगले राहतात. तेव्हा विचारायचं की बायोप्सी करून खात्री करणार का, केस ट्यूमर बोर्डपुढे ठेवणार का म्हणजे सर्जन, रेडिएशनवाले, केमोवाले एकत्र बसून ठरवतील, आणि ट्यूमरची जी जेनेटिक तपासणी आधी झाली होती तिचा रिपोर्ट फाइलमध्ये आहे का. याच्यापुढची कल्पना आत्ता करू नका, या तीन वाक्यांवर थांबा.

तुमच्या स्वतःच्या मदतीबद्दल. कॅन्सर विभागात डिस्ट्रेस थर्मामीटर म्हणून एक साधी पट्टी वापरतात, ० ते १०, गेल्या आठवड्यात तुम्हाला किती त्रास झाला. ४ किंवा वर असेल तर नीट तपासणी करावी असं मानतात. तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही त्याच्या वर आहात असं मला वाटतं. दोन आठवड्यांच्या वर रोज झोप मोडत असेल, कामात लक्ष लागत नसेल, अचानक छातीत धडधडून मरतोय असं वाटत असेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे तुमच्या नावाने केस पेपर काढा, ऑन्कॉलॉजिस्टनाच विचारा, बऱ्याच ठिकाणी घरच्यांनाही बघतात. आणि जगणं नको वाटायला लागलं तर ही वाट बघू नका, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि हॉस्पिटलला जा. या भीतीवर खास उपचार आहेत. कॉन्करफिअर नावाची ऑस्ट्रेलियातली पद्धत आहे, पाच सेशनची, २०१७ मध्ये तिचे निकाल आले आणि पेशंट्सची भीती त्याने कमी झाली, त्यात आतड्याच्या कॅन्सरचे लोकही होते. त्यातली लक्ष वळवण्याची आणि विचार येऊ देऊन त्याच्यामागे न धावण्याची तंत्रं मी घरच्यांबरोबरही वापरते, उपयोग होतो.

राहिली मुलगी. सांगा तिला. आठवीतली मुलगी आहे, तुमचे डोळे सुजलेले तिने पाहिलेत, तिला काहीतरी चाललंय हे माहितीय, फक्त काय ते माहीत नाहीये, आणि मुलं मनाने जे भरतात ते बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा वाईट असतं, वर त्यांना वाटतं की आपल्यामुळेच काही झालंय. मिस्टरांशी आधी बोलून घ्या, दोघांनी मिळून सांगा, आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी सांगा, झोपायच्या वेळी किंवा परीक्षेच्या आदल्या दिवशी नको. "बाबांच्या फोटोत फुफ्फुसात एक छोटा ठिपका दिसलाय, तो काय आहे ते डॉक्टरांना आत्ता सांगता येत नाहीये, तीन महिन्यांनी परत फोटो काढतील, आणि जे कळेल ते आम्ही तुला सांगू, लपवणार नाही." एवढंच. "सगळं ठीक होईल" असं वचन देऊ नका, पण सांगायचं वचन दिलंत ते मात्र पाळा, नाहीतर पुढे ती तुमच्या चांगल्या बातमीवरही विश्वास ठेवणार नाही. ती कदाचित काहीच बोलणार नाही, उठून मोबाइल बघायला लागेल, त्याचा राग मानू नका. दोन-तीन दिवसांनी तिच्याबरोबर काहीतरी काम करताना सहज विचारा, की त्या दिवशी बोललो त्याबद्दल काही विचारायचंय का. आणि तिच्या वर्गशिक्षिकेला फोन करून कल्पना द्या, फक्त तुम्ही असं करताय हे मुलीला आधी सांगून.